‘अगदी खरं’ म्हणणाऱ्याचा प्रॉम्प्टर

नाटकाच्या जाहिरातीत त्याचं नाव कधी आलं नाही, आणि पडदा पडल्यावर नट हातात हात घालून वाकत तेव्हाही तो विंगेतच उभा असे, हातात संहिता घेऊन, बोट शेवटच्या ओळीवर ठेवून. पण टाळ्यांतला निम्मा वाटा त्याचा होता, हे तिथल्या प्रत्येक नटाला ठाऊक होतं. कबूल कोणी करत नसे, ती गोष्ट वेगळी. नट आपला विग कबूल करेल, वय कबूल करेल, पण आपण वाक्य विसरलो होतो हे कबूल करणार नाही.

सगळे त्याला विंगकाका म्हणत. खरं नाव घरच्या दारावरच्या पाटीवर होतं आणि तीही एका बाजूने लोंबत होती.

विंगकाकाची कुजबुज म्हणजे एक चीज होती. ती रंगमंचावर मधोमध उभ्या असलेल्या नटाच्या कानात जायची आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला चाहूलही लागायची नाही. राजा सिंहासनावर बसून गरजायचा, “सेनापती, तुम्हाला माहीत आहे, माझ्या बापाने…” आणि पुढे बापाने काय केलं ते राजाला आठवायचं नाही. डोळे पांढरे. आणि मग विंगेतून वाऱ्याच्या झुळकीसारखं यायचं, “हा किल्ला रक्त सांडून घेतला.” राजा पुन्हा राजा व्हायचा. विंगकाका ओठ मिटून पुढच्या ओळीवर बोट सरकवायचा.

प्रेक्षकांसमोर तो जन्मात एकदाच आला, तोही चुकून. संहितेतलं एक पान उडून रंगमंचावर गेलं. मध्यंतर आहे म्हणून तो ते उचलायला गेला आणि पडदा ओढणाऱ्याने नेमका तेव्हाच पडदा वर घेतला. समोर गच्च भरलेलं नाट्यगृह, मागे राजदरबार आणि मध्ये बनियन घातलेला विंगकाका. त्याचे पाय खिळले. कोणीतरी त्याला अमात्य समजून टाळी दिली, आणि टाळी ऐकून बाकीच्यांनीही दिली. आयुष्यातली ती एकमेव टाळी त्याने अशी घेतली, आणि त्यानंतर समोर चार माणसं बसलेली दिसली की त्याचा घसा बंद पडायचा.

पुढे काळ बदलला. नटांच्या कानात बसणारं चिमुकलं यंत्र आलं. आता आवाज तारेतून येऊ लागला आणि विंगकाकाला हार, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आलं.

घरी काकू होत्या. काकूंची नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झालेली. माणसांची बोलणी जोडून द्यायची आणि वेळ संपली की खाडकन तोडायची, यात हयात गेली. आवाज असा की तार नसती तरी पलीकडच्या गावात पोचला असता. अशा बाईच्या संसारात प्रॉम्प्टर पूर्ण वेळ येऊन बसला, म्हणजे काय झालं असेल, मंडळी, कल्पना करा.

“अहो, मी म्हणत होते की आज संध्याकाळी…”

“धाकट्या बहिणीकडे जाऊन येऊ,” विंगकाका कुजबुजायचा.

“मी बँकेत जाऊ म्हणत होते!”

“पण मग बहिणीकडे?”

“आता जाते बहिणीकडेच! काय म्हणत होते तेच विसरले.”

फोनवर बोलताना काकूंनी श्वास घेतला की मागून शब्द यायचा. शेजारीण जिन्यात भेटून नवऱ्याची तक्रार करताना जराशी अडखळली की बंद दाराआडून तिला शिवी पुरवली जायची. आणि शेजारीण ती वापरायचीही! शेवटी एका सकाळी काकूंनी त्याच्या हातात पिशवी दिली, चष्म्याचं घर पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, “कोपऱ्यावरच्या वाचनालयात रविवारी मोठी मोठी माणसं बसून पुस्तकं वाचतात म्हणे. जा. पुस्तकाला प्रॉम्प्टिंग करा. ते उलटून बोलणार नाही.”

वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते वाचनमंडळ भरायचं. एक लांब टेबल, गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, भिंतीपासून हातभर पुढे सरकवलेली दोन उंच कपाटं, कारण भिंतीला ओल होती. मंडळ चालवायचे एक निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत. शेजारच्या दुकानाचा केमिस्ट यायचा, ग्रंथपाल बाई दाराशी बसायच्या, आणि आणखी काही नेमाने येणारी, नेमाने डुलक्या घेणारी मंडळी. जगातली जुनी, थोर पुस्तकं आठवड्याला थोडी थोडी वाचायची आणि रविवारी त्यावर बोलायचं, असा शिरस्ता.

विंगकाका भीत भीत गेला आणि हरवूनच गेला. आयुष्यभर त्याने वाचलं होतं, पण ते दुसऱ्यासाठी. वाक्य डोळ्यांनी उचलायचं आणि नटाच्या तोंडात ठेवायचं. मध्ये आपण चाखून बघायचं नाही. टपालवाला पत्रं वाचतो का? पण या पुस्तकांपुढे नट नव्हता. वाक्य म्हणायला पुढे कोणी उभंच नाही म्हटल्यावर ते सरळ त्याच्याकडेच यायचं आणि समोर बसून राहायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तो एवढा संकोचला की पुस्तक मिटून पाणी प्यायला.

पुस्तकं त्याने आपल्या पद्धतीने लावून घेतली. राजकारणावरचा ग्रंथ म्हणजे एकपात्री प्रयोग, नट एकटाच, आणि तोही रागावलेला. जाडजूड कादंबरी म्हणजे एवढी पात्रं की कुठलाही निर्माता भिकेला लागेल. तत्त्वज्ञान म्हणजे दोन पात्रं, एक बाक आणि हालचाल शून्य. काकूंना तो रोज सांगायचा आणि काकू कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकायच्या. एका कादंबरीतली नायिका मूर्खासारखी त्या माणसाबरोबर पळून जाणार हे कळल्यावर तर त्याने पुस्तकाकडे तोंड करून तिला तीनदा सांगितलं, “थांब, बाई, थांब.” ती थांबली नाही. तो दिवसभर जेवला नाही नीट.

“सर काय विचारतात माहीत आहे?” तो काकूंना म्हणाला. “‘विंगकाका, तुम्हाला काय वाटतं?’ मला! मला काय वाटतं असं आजवर कोणी विचारलं होतं का?”

“मी विचारलं होतं. लग्नाच्या आधी.”

“मग मी काय म्हणालो?”

“तुम्ही माझ्या वडिलांचं वाक्य पुरं केलंत.”

सरांना मात्र तो काही वाटलेलं सांगू शकत नसे. सगळे वळून बघत आणि घसा बंद. “सर, छान आहे,” एवढंच कसंबसं. पण तेही सरांनी चालवून घेतलं असतं. पंचाईत दुसरीच होती. सरांना बोलता बोलता थांबायची सवय होती. चष्मा काढायचा, पंख्याकडे बघायचं आणि थांबायचं. विद्यार्थ्यांच्या पिढ्या या थांबण्यावर फिदा होत्या. विंगकाकासाठी मात्र रंगमंचावरची शांतता म्हणजे आग लागल्याची घंटा.

“सत्तेची पहिली कसोटी म्हणजे…” सर थांबले.

“संयम,” कोपऱ्यातून झुळूक आली.

“संयम,” सर म्हणाले, आणि मग दचकले. त्यांना वेगळंच काहीतरी म्हणायचं होतं. पण त्या कुजबुजीचं वैशिष्ट्यच ते होतं. ऐकणाऱ्याला वाटायचं, हे आपल्यालाच सुचलं.

असं पुष्कळदा झालं. सर आधी हसले, मग खाकरले, मग विंगकाकाकडे पाठ करून बसू लागले. पण प्रॉम्प्टरकडे पाठ केली म्हणून त्याचं अडत नाही. नट त्याच्याकडे पाठ करूनच असतात.

त्या दिवसांत मंडळात एक फार जुना संवाद चालू होता. एक म्हातारा ज्ञानी आणि एक तरुण उमराव नदीकाठाने चालत चालत बोलतात, राज्य कोणी करावं, कसं करावं. वाचनालयाची प्रत जुनी, कोणा वाचकाने कधीकाळी त्यावर चहा सांडलेला. एका रविवारी दुसऱ्या वाचनालयाचे पाहुणे आले होते. हातात वह्या, चेहऱ्यावर आदर. सरांना असा श्रोतृवर्ग फार दिवसांनी मिळाला होता. आवाज लागला होता. ते उभे राहिले, चष्मा काढला.

“आणि म्हणून हा ज्ञानी माणूस सांगतो, की सुज्ञ प्रजेने आपल्या राजाला…”

पंखा. शांतता. विंगकाकाने घाईने पान उलटलं. दोन पानं चहाने चिकटलेली होती. मधली गेली. पलीकडे ज्ञानी माणूस घोड्यांच्या निगेचं उदाहरण देत होता.

“…रोज सकाळी खरारा करावा.”

“रोज सकाळी खरारा करावा!” सर भरल्या आवाजात म्हणाले.

पाहुण्यांनी ते लिहून घेतलं.

केमिस्ट टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला तो बराच वेळ वर आला नाही. पाहुणे गेल्यावर सरांनी खोलीचं दार लोटलं.

“विंगकाका, या खोलीत माणसं एक तर बोलतात, नाही तर विचार करतात. तुम्ही दोन्ही होऊ देत नाही.”

“सर, पानं चिकटली होती.”

“पानं चिकटली नसती तर चाललं असतं का? मी थांबतो तेव्हा विसरलेला नसतो हो! विचार करत असतो!” सर खाली बसले. माणूस मुळात मायाळू, रागावून त्यांनाच दम लागला. “असं करू. पुढच्या रविवारी तुम्ही बोला. या पुस्तकावर. समोर उभं राहून, स्वतःचं मत, मोठ्याने. आणि मी थांबलो की तुम्हीही थांबायचं. हे दोन्ही जमलं तर तुमची खुर्ची तुमची. नाही तर घरी पुस्तकं न्या, वाचा, पण रविवारी येऊ नका.”

विंगकाका घरी आला आणि पिशवी खुंटीला न लावता हातात धरूनच बसला. कानात यंत्र आलं तेव्हा त्याला एवढं लागलं नव्हतं. ती नोकरी होती. रविवारची खुर्ची ही त्याने स्वतः मिळवलेली पहिली भूमिका होती, आणि तीही बिनसंवादाची असताना सुटत होती.

“मत म्हणे,” तो काकूंना म्हणाला. “माझ्याकडे मत कुठलं? मला एवढंच दिसतं की त्या उमरावाला काही पाठ नाही.”

काकूंच्या हातात उशीचा अभ्रा होता. “कोणाला?”

“हा उमराव. म्हातारा पानभर बोलतो आणि हा काय म्हणतो? ‘अगदी खरं.’ पुन्हा पानभर. ‘नि:संशय.’ पुन्हा. ‘तू म्हणतोस तसंच.’ अगं, नट असं कधी बोलतो? ब्लँक झाल्यावर! काही आठवत नाही, प्रॉम्प्टर डुलक्या घेतोय, मग वेळ काढायला ‘बरोबर, बरोबर’. या बिचाऱ्याचा प्रॉम्प्टर जागेवर नाही. शेकडो वर्षं झाली, तो असाच उभा आहे. मला बघवत नाही.”

“त्याचं लक्ष नसेल. मी तुम्हाला दिवसातून किती वेळा ‘बरोबर’ म्हणते?”

“पुष्कळदा.”

“मग?”

विंगकाकाने यावर थोडा वेळ विचार केला आणि तो विषय सोडलेला बरा असं ठरवलं. पण त्या दिवसापासून त्याने उमरावाला वाक्यं पुरवायला सुरुवात केली. वाचता वाचता ‘अगदी खरं’ आलं की थांबायचा आणि कुजबुजायचा, “नाही, मित्रा, थांब. असं विचार त्याला.” ती वाक्यं कुठल्याच संहितेत नव्हती. ती कुठून येतात हे त्यालाही कळत नव्हतं. काकू घड्या घालत राहिल्या, पण आता ‘बरोबर’ म्हणेनाशा झाल्या.

“हेच सांगा की रविवारी,” त्या म्हणाल्या.

“समोर उभं राहून?”

“बनियन घालू नका म्हणजे झालं.”

रविवारी काकू स्वतः सोडायला आल्या आणि ‘जरा टेकते’ म्हणून ग्रंथपाल बाईंच्या शेजारी बसल्या. विंगकाकाने इस्त्रीचा सदरा घातला होता. सरांनी मान हलवली. तो उठला, टेबलाच्या टोकाला उभा राहिला. सगळी तोंडं त्याच्याकडे. त्याने तोंड उघडलं. उघडंच राहिलं.

ती शांतता त्याला चांगली माहीत होती, फक्त या बाजूने पहिल्यांदाच दिसत होती. सवयीने त्याने उजवीकडे पाहिलं, विंगेकडे. तिथे कोणी नव्हतं. कसं असणार?

“काका, पाणी देऊ का?” केमिस्टने विचारलं.

“गोळी दे एखादी,” मागून कोणीतरी म्हणालं.

सर खाली बघत होते. ते खूश नव्हते, उलट त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं. “राहू द्या, विंगकाका,” ते हळू म्हणाले. “बसा.”

विंगकाका बसला नाही. तो वळला, पुस्तक छातीशी धरून कपाटाकडे गेला, आणि कपाट आणि ओली भिंत यांच्या मधल्या फटीत आडवा होऊन शिरला. दिसेनासा झाला. खोलीत कोणाला काही समजेना. काकूंना समजलं. त्या उठल्या, पदर खोचला आणि सरांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

“सर, तुम्ही तो म्हातारा व्हा.”

“तो मी आहेच. पण तुम्ही?”

“मी उमराव. वाचा तुम्ही.”

सरांना गंमत वाटली की नाईलाज, कोण जाणे. पण त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, “मित्रा, आजारी माणूस आपणहून वैद्याचं ऐकतो. मग अडचणीतल्या नगराने शहाण्या माणसाचं निमूट ऐकणं योग्य नाही का?”

पुस्तकात पुढे ‘अगदी खरं’ होतं. कपाटामागून झुळूक आली.

“आजारी माणसाला वैद्य बदलता येतो,” काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या. “या शहाण्याला बदलता येईल का?” आणि पदरचं घातलं, “आणि वैद्यच आजारी पडला तर?”

केमिस्ट सरसावून बसला. सरांनी पुस्तक खाली ठेवलं. कितीतरी वर्षांनी समोरचं कोणीतरी मान न डोलावता बोललं होतं. त्यांचे डोळे लकाकले. “शहाणा माणूस पदाचा लोभ धरणार नाही. मग त्याला बदलायचं कशाला?”

झुळूक.

“लोभ नसेल तर बदलल्याचं त्याला वाईट तरी का वाटावं?” काकू म्हणाल्या.

“वा!” सर म्हणाले आणि बाह्या वर केल्या. “पण अडाणी लोक शहाण्याच्या जागी गोडबोल्याला आणून बसवतील. तेव्हा नगराचं काय होईल?”

या वेळी कपाटामागून लगेच काही आलं नाही. काकूंनी मागे पाहिलं. “अहो?”

“हे खरं आहे,” कपाट कुजबुजलं.

“हे खरं आहे,” काकूंनी नाराजीने सांगितलं.

सरांनी टेबलावर थाप मारली. डुलक्या घेणारे जागे झाले होते आणि खुर्च्या पुढे ओढत होते. एकाने उमरावाची बाजू घेतली, एकाने सरांची, ग्रंथपाल बाईंनी दाराशी बसून दोघांनाही गप्प केलं, कारण पुढचं वाक्य ऐकू येत नव्हतं.

“आणि शहाणा चुकलाच,” सर म्हणाले, “तर त्याचे मित्र त्याला सांगतील. मित्र कशासाठी असतात?”

“मित्र तर नदीकाठाने चालता चालता नुसते ‘अगदी खरं, अगदी खरं’ म्हणतायत!” काकू कडाडल्या.

खोली हसली, सरही हसले, आणि मग त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. “त्याचं असं आहे, की शहाण्याला चूक दाखवणारा माणूस म्हणजे…”

थांबले. चष्मा काढला. पंखा.

सगळ्यांच्या माना कपाटाकडे वळल्या. कपाटामागे विंगकाकाच्या जिभेच्या टोकावर एक सोडून तीन शब्द होते, तिन्ही चांगले. नाकात ओल्या भिंतीचा भुगा गेला होता आणि शिंकही आली होती. समोर नट उभा, वाक्य अर्धं, नाट्यगृह श्वास रोखून. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे बुडणाऱ्याकडे काठावरून बघत राहणं. आयुष्यात तो असा कधी वागला नव्हता. त्याने फटीतून पाहिलं. सरांचे डोळे पांढरे झाले नव्हते. ते वर बघत होते, पण हरवलेल्या माणसासारखे नाही, काहीतरी शोधणाऱ्या माणसासारखे. रंगमंचावर त्याने हा चेहरा कधी बघितला नव्हता. किंवा बघितला असेल आणि वेळच दिला नसेल. विंगकाकाने सदऱ्याची बाही तोंडात कोंबली, शब्द गिळले, शिंक गिळली, डोळ्यांतून पाणी आलं. शांतता लांबत गेली आणि कोणी मेलं नाही.

“मला माहीत नाही,” सर अखेर म्हणाले. असं ते बहुधा पहिल्यांदाच म्हणत होते, आणि त्यांना ते जड गेलेलं दिसलं नाही. “लिहिणारा काही खुळा नव्हता हो. त्याने त्या पोराला मुद्दामच मुका ठेवला असेल. जागा मोकळी ठेवली असेल, कोणी येऊन बोलावं म्हणून. पण त्याबद्दलही माझी खात्री नाही. पुढच्या रविवारी इथूनच सुरू करू. विंगकाका, बाहेर या.”

आतून जे बाहेर आलं ती आधी शिंक होती. वाचनालयाच्या इतिहासात एवढी मोठी शिंक झाली नसेल. मग पांढरा भुगा माखलेला विंगकाका आडवा आडवा निघाला.

“समोर उभं राहून बोलायची अट होती,” केमिस्टने आठवण करून दिली. तो नियमाचा माणूस.

“दोन अटी होत्या,” सर म्हणाले. “अवघड होती ती पाळली त्यांनी.” आणि त्यांनी स्वतःच्या शेजारची खुर्ची मागे ओढली. “कपाटामागे ठेवू की इथे?”

“इथेच,” विंगकाका म्हणाला. कुजबुजलाच, पण म्हणाला.

घरी जाताना दोघं चौकात सिग्नलला थांबले. काकूंचा घसा बसला होता आणि त्या भलत्याच खुशीत होत्या.

“अहो, जाता जाता आपल्याला तो… तो आपला…”

त्या थांबल्या. वर बघू लागल्या. विंगकाकाने ओठ मिटले, हात मागे बांधले आणि आदराने वाट बघितली. दिवा हिरवा झाला, माणसं गेली, दिवा पुन्हा लाल झाला.

“अहो, गप्प काय उभे? सांगा की! काय आणायचं होतं आपल्याला?”

“मला वाटलं, तू विचार करतेयस.”

“विचार कसला डोंबलाचा! विसरले मी!”

“साबण!” विंगकाका ओरडला. कुजबुज नव्हे, चांगला भरघोस आवाज, इतकी वर्षं आत तसाच घडी घालून ठेवलेला. सिग्नलवरची सगळी माणसं त्याच्याकडे वळून बघायला लागली, आणि घसा बंद पडला नाही.

रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने दोन्ही हात तोंडाशी धरून विचारलं, “अंगाचा की कपड्यांचा?”